जीपमधून उतरलेली बॅटरी

आलापल्ली, एटापल्ली, मूल, सिंदेवाही या भागात आम्ही जे ऐंशीच्या दशकात लहानाचे मोठे झालो, त्यांच्या ओसरीवर एक जड काळा डबा असायचाच. बाबा वनखात्यात असोत, शाळेत गुरुजी असोत की तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुनीम, कुठल्या तरी जीपमधून नाहीतर ट्रॅक्टरमधून उतरवलेली जुनी बॅटरी घरी यायचीच. घरासाठी म्हणून कोणी नवीकोरी बॅटरी घेतल्याचं मला आठवत नाही. गाडीनं सोडलेलीच घरात यायची आणि नीट सांभाळली तर आणखी दीड-दोन वर्षं काढायची.

यात नवल काही नव्हतं. डिझेल इंजिन फिरवताना स्टार्टर दोन-चार सेकंदांत शेकडो अँपिअर ओढतो. बॅटरी म्हातारी झाली, प्लेटांवर सल्फेटचा थर धरला, की आधी हा एकदम लावायचा जोर जातो. बाकीचा जीव बराच शिल्लक असतो. चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला दोनेक अँपिअर पुरत. सकाळी जीपला धक्का मारायला लावणारी तीच बॅटरी टीव्हीवरची अख्खी संध्याकाळ सहज पार पाडायची.

२५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, पुढल्या वर्षी २ ऑक्टोबरला ‘महाभारत’. चंद्रपूरला दुर्गापूरच्या वीजकेंद्रात एकेक संच सुरू होत होता. पण आमच्याकडे तारेवर सागाची फांदी पडली की चार-चार दिवस अंधार, आणि कित्येक टोल्यांवर तर तारच नव्हती. ज्या घरी बॅटरी, त्या घरी रविवारी सकाळी अर्धं गाव. बॅटरी उतरू लागली की टीव्हीवरचं चित्र चारही बाजूंनी आकसायचं. आधी कडेला बोटभर काळी पट्टी, मग हनुमानाची गदा बारीक, मग आवाज चिरका. पट्टी दिसली की आजी म्हणायची, ‘‘बंद कर न बाप्पा आता, किती पिळशीन तिले!’’ पोरं हिरमुसायची, पण आजीचं बरोबर होतं. गाडीची बॅटरी तळापर्यंत रिकामी होण्यासाठी बनवलेलीच नसते. पार उतरवली आणि तशीच आठवडाभर ठेवली, की सल्फेट कडक होतं आणि मग चार्जिंगनंही विरघळत नाही. रावणवध होईपर्यंत जिथं टीव्ही ताणला जायचा, तिथं बॅटरी पुढचा पोळा पाहायची नाही.

म्हणून बाजाराच्या दिवशी ती सायकलच्या कॅरियरवर ट्यूबनं करकचून बांधायची आणि चार्जिंगच्या दुकानात न्यायची. दुकानातले काका हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबून सहाही खणांतलं पाणी एकेक करून ओढायचे. तरंगणारा काटा १२६०च्या आसपास आला की मान डोलवायचे. एकच खण मागं राहिला तर म्हणायचे, ‘‘हे घर बसलं, आता हिचा भरोसा नाही.’’ हळू चार्जिंगला रात्रभर ठेवायचे. घाईनं जास्त करंट सोडला की प्लेटा तापून वाकतात, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं. खण बुडबुडत असताना जवळ बिडी ओढणाऱ्याला मात्र ते हाकलून द्यायचे, कारण त्या बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो.

आमच्याकडे बॅटरीचा खरा वैरी ऊन. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांपर्यंत जातो. दहा अंश उष्णता वाढली की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशेब या धंद्यातले लोक सांगतात. आमच्या आयांना हा हिशेब कोणी सांगितला नव्हता, तरी त्यांनी बॅटरी माठाच्या ओलसर कोपऱ्याजवळ, लाकडी पाटावर ठेवली. जमिनीवर ठेवली तर बॅटरी जमिनीत उतरते, असा समज होता. प्लास्टिकच्या खोक्याला तो लागू नाही. पण सारवलेली भुई ॲसिडपासून वाचली ती त्या पाटानंच.

पाणी पाहायचं काम आईकडं, कारण घरात नेमानं काही करणारी तीच. बुचं उघडून प्लेटा बुडाल्यात का बघायचं आणि चार्जिंग झाल्यावरच भरायचं, कारण चार्ज होताना पातळी वर येते. विहिरीचं पाणी चालत नसे. राजुरा-गडचांदूरकडे तर जमीनच चुनखडीची. डिस्टिल वॉटरची बाटली संपली की आई पावसाचं पाणी धरायची, तेही कौलावरून ओघळलेलं नव्हे, उघड्या अंगणात काचेच्या भांड्यात थेट पडलेलं. बॅटरी कमजोर झाली म्हणून नवं ॲसिड ओतणारेही होते. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून आणखी ओतलं की प्लेटा खाल्ल्या जातात. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी धरली की गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवायची, कोरडी करायची, वरून व्हॅसलिन. एवढं केलं तरी एखाद्या लुगड्याला भोकं पडायचीच.

पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटला की ही सगळी काळजी कामाला यायची. आठ-आठ दिवस चार्जिंगचं दुकान नाही. मग टीव्ही बंद, फक्त रेडिओ आणि स्वयंपाकघरात एक छोटा बल्ब. काढणं कमी ठेवलं की तीच थकलेली बॅटरी उघाड पडेपर्यंत टिकायची.

एका गोष्टीचं मात्र आजही वाईट वाटतं. मेलेली बॅटरी फोडून, शिसं चुलीवर वितळवून, मासे मारायच्या जाळ्याच्या गोळ्या ओतल्या जायच्या. पोरं भोवती बसून ती चमक बघायची. शिशाचा धूर आणि राख पोरांच्या मेंदूला कायमची इजा करते, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. २००१च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेणं विक्रेत्यांवर बंधनकारक झालं आणि नव्या बॅटरीच्या किमतीत जुनीचे पैसे वजा होऊ लागले. तरी आठवडी बाजारात भंगाराच्या ढिगाशेजारी फोडलेली काळी खोकी अजून दिसतात, आणि त्यांच्या आसपास पोरंही असतात.