नावडत्याचे मीठ

श्रावणातील कहाण्यांत राजाच्या घरी कुणीतरी आवडती असते आणि कुणीतरी नावडती. कधी ती राणी असते, कधी सून. नावडती ही नावडती का, याचे कारण कहाणी सहसा देत नाही. तिच्या वाट्याला गोठा आणि उरलेसुरले अन्न येते, एवढेच सांगितले जाते. ऐकणाऱ्याचे मन मात्र पहिल्या वाक्यापासून तिच्याच बाजूला असते. 'नावडतीचे मीठ अळणी' ही म्हणदेखील दोष मिठाकडे नव्हे, चाखणाऱ्याकडे आहे असेच सुचवते. कारण न देता जी नावड घडते तिच्याविषयी साशंक राहण्याची शिकवण मराठी भाषेच्या या एका जोडशब्दात आहे.

एखाद्या जुन्या विनोदी मालिकेचे चाहते एकत्र आले की पात्रांची अशीच वाटणी सुरू होते. सर्वांत लाडके पात्र कोणते आणि सर्वांत नकोसे कोणते, हा खेळ समीक्षेने आजवर पोरकट म्हणून बाजूला ठेवला. वस्तुतः आस्वादाचा इतका उघडा दस्तऐवज दुसरा मिळणे कठीण. लाडक्या पात्राची कारणे बहुधा ठरावीक असतात. नकोशा पात्राची कारणे देताना मात्र बोलणारा अडखळतो, एक कारण टाकून दुसरे घेतो, आणि त्या अडखळण्यातून त्याने संहिता कशी वाचली हे बाहेर पडते. अमेरिकेतील 'ऑल इन द फॅमिली' या मालिकेच्या बाबतीत हा खेळ वृत्तपत्रांपर्यंत आणि मानसशास्त्रज्ञांच्या प्रश्नावलीपर्यंत जाऊन पोहोचला, म्हणून ते उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे.

सी.बी.एस. वाहिनीवर १२ जानेवारी १९७१ रोजी ही मालिका सुरू झाली आणि १९७९ पर्यंत चालली. १९७१-७२ पासून सलग पाच हंगाम ती प्रेक्षकसंख्येत पहिली होती. तिचे मूळ जॉनी स्पेट यांच्या 'टिल डेथ अस डू पार्ट' या बी.बी.सी.वरील मालिकेत आहे. नॉर्मन लिअर यांनी ते कुटुंब लंडनच्या ईस्ट एंडमधून उचलून न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आणले. गोदीवर मुकादम असलेला आर्ची बंकर, त्याची भोळी वाटणारी पत्नी ईडिथ, मुलगी ग्लोरिया आणि सासऱ्याच्याच घरी राहून समाजशास्त्र शिकणारा पोलिश वंशाचा जावई माइक, अशी चार माणसे आणि एक बैठकीची खोली. आर्चीच्या तोंडी कृष्णवर्णीय, ज्यू, कॅथलिक, स्त्रिया, समलिंगी अशा सर्वांविषयी अपशब्द; माइक त्याला प्रत्येक वेळी उत्तर देणार. पूर्वग्रह हास्यास्पद ठरवणे हा आपला हेतू असल्याचे वाहिनीने पहिल्या भागाच्या आधी पडद्यावर निवेदनही दिले होते. हेतू असा आधीच जाहीर करावा लागावा, यातच पुढील घोटाळ्याची चाहूल होती.

पहिली मोठी हरकत आली ती 'जंटलमन्स अॅग्रीमेंट' (१९४७) या ज्यूद्वेषावरील कादंबरीच्या लेखिका लॉरा हॉब्सन यांच्याकडून. सप्टेंबर १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील दीर्घ लेखात त्यांनी विचारले की द्वेष करणारा माणूस लोभस कसा असू शकतो. आर्चीच्या तोंडचे अपशब्द हे निवडून घेतलेले, धार बोथट केलेले आहेत; खरोखर जिव्हारी लागणारे शब्द मालिका टाळते आणि द्वेषाला घरगुती, उबदार करून टाकते, असा त्यांचा मुद्दा होता. लिअर यांनी पुढच्याच महिन्यात त्याच पत्रात उत्तर दिले. पूर्वग्रह केवळ दुष्टांतच असतात असे नाही, एरवी मायाळू असणाऱ्या माणसांतही ते नांदतात, ही त्यांची भूमिका. आर्चीमध्ये आपल्या वडिलांचा अंश आहे, असे ते पुढेही सांगत राहिले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तथापि लिअर यांचे उत्तर पात्राविषयी आहे आणि हॉब्सनबाईंचा प्रश्न प्रेक्षकाविषयी होता. त्यामुळे वाद झाला, पण भेट झाली नाही.

ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी १९७४ मध्ये केला. अमेरिकेतील २३७ किशोरवयीन विद्यार्थी आणि कॅनडातील १६८ प्रौढ यांना त्यांनी आर्ची व माइक यांच्याविषयी विचारले. कोण अधिक आवडतो, कोणाचे बोलणे अधिक पटते, शेवटी सरशी कोणाची होते. निष्कर्ष प्रसिद्ध आहे. मालिका विनोदी आहे यावर दोन्हीकडच्या लोकांचे एकमत होते. परंतु ज्यांचे पूर्वग्रह तीव्र त्यांना आर्ची अधिक भावला, त्याचेच म्हणणे खरे वाटले आणि जिंकतोही तोच असे दिसले. म्हणजे उपहासाचे लक्ष्यच काहींसाठी नायक झाले होते. ब्रिटनमध्ये हे आधीच घडून गेले होते. आल्फ गार्नेटची भूमिका करणाऱ्या वॉरन मिचेल यांना, स्थलांतरितांना चांगले सुनावलेत अशी शाबासकी देणारे प्रेक्षक भेटत; आम्ही तुमच्यासारख्यांनाच सुनावतो आहोत, हे त्यांना उलट सांगावे लागे.

हा अभ्यास मोलाचा आहे, पण साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यापाशी थांबू नये. प्रेक्षक आपले मत घेऊन येतो आणि तेच घेऊन परत जातो, एवढेच खरे असेल तर संहितेने काय केले, हा प्रश्न शिल्लकच राहतो. शिवाय ज्यांना आर्चीची मते किळसवाणी वाटतात त्यांच्याही यादीत तो वरच असतो, याचा उलगडा पूर्वग्रहाच्या मोजपट्टीने होत नाही.

भरताने 'नाट्यशास्त्रा'त हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित असे सहा प्रकार केले आणि ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींत दोन दोन वाटून दिले. ही वाटणी कशाला हसले यावर नाही, कोण हसते यावर आहे. 'ऑल इन द फॅमिली' प्रत्यक्ष प्रेक्षकांपुढे चित्रित होई आणि त्यांचे हसू फितीवर उतरे. त्या हसण्यात आर्चीला हसणारे होते, तसे आर्चीबरोबर हसणारेही होते. फितीवर मात्र एकच आवाज आला. घरी बसलेल्या प्रत्येकाला तो आपल्याच बाजूचा वाटला तर नवल नाही. छापील व्यंगलेख वाचणारा एकटा असतो, त्याला शंका येऊ शकते. येथे शंकेला जागाच उरत नाही, कारण शेकडो माणसे आपल्याशी सहमत असल्याचे कानांवर पडत असते.

दुसरी गोष्ट भाषेची. आर्ची शब्द मोडतो, उलटेपालटे करतो, मोठे शब्द चुकीच्या जागी ठेवतो. त्याच्या अज्ञानालाच एक लय आहे. कॅरॉल ओ'कॉनर स्वतः उदारमतवादी, पण त्यांनी या भाषेला जो कस दिला तो केवळ तुच्छतेतून येणे शक्य नाही. विनोदाची सगळी मिळकत लेखकांनी आर्चीच्या नावे केली आणि माइकसाठी फक्त योग्य मते ठेवली. विनोदी नाट्यात ही वाटणी निर्णायक ठरते. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा हेतू काय, याबद्दल कोणालाही संदेह नाही. तरी आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशांत प्रेक्षागृह तळीरामाचे होते, आणि उपदेश करणारे पात्र कोण होते ते घरी जाईपर्यंत आठवत नाही. (तळीराम मरतो, आर्ची दर आठवड्याला परत येतो, हा भेद आहेच, आणि तो लहान नाही.)

तेव्हा माइक. या मालिकेचे चाहते नकोसे पात्र सांगू लागले की रॉब रायनर यांनी उभे केलेले हे पात्र पुष्कळदा पुढे येते. व्हिएतनाम, निक्सन, वंशभेद या प्रश्नांवर तो निर्मात्यांच्याच बाजूने बोलतो, आणि काळानेही त्याची बरीच मते उचलून धरली. मग तो नकोसा का? पहिले उत्तर मिळते ते आवाजाचे: तो फार ओरडतो. पण आर्चीही ओरडतोच. दुसरे उत्तर येते की तो फुकटचे खातो. हे मात्र संहितेतलेच आहे. कामगारांच्या बाजूने बोलणारा हा तरुण एका कामगाराच्या मिळकतीवर जगतो. सासऱ्याच्या मतांचा धिक्कार करताना त्याचा हात सासऱ्याच्याच ताटाकडे जातो. तिसरे उत्तर क्वचित येते, पण ते अधिक खोल आहे: समतेवर बोलणारा माइक ग्लोरियाने समता मागितली की गडबडतो. १९७१ मधील पहिल्याच हंगामात यावर एक अख्खा भाग आहे.

म्हणजे 'माइक आवडत नाही' या एका वाक्यात निदान तीन वाचने दडली आहेत. एकाला त्याची मते नको आहेत. दुसऱ्याला मते मान्य आहेत पण ती मांडणाऱ्याची ऐट सोसत नाही. तिसऱ्याला, बहुधा तिसरीला, त्याच्या मतांतील अपुरेपण दिसते. पहिला आणि तिसरी यांच्यात कोसांचे अंतर आहे आणि तरीही दोघांचा कौल एकच पडतो. माइकला नाकारणारा प्रत्येकजण आर्चीचा पाठीराखा असतो, हे गृहीत धरणे म्हणूनच धाडसाचे आहे. तितकेच धाडसाचे आहे ते दुसऱ्या वाचनाच्या निरागसपणावर विश्वास ठेवणे. 'मते पटतात, पण सांगण्याची रीत पटत नाही' ही सबब अस्वस्थ करणाऱ्या प्रत्येक माणसाविरुद्ध वापरून झालेली आहे.

मालिकेने स्वतः एक आदर्श वाचक घडवून ठेवला होता, तो शेजारचा कृष्णवर्णीय तरुण लायनेल जेफरसन. आर्चीला अपेक्षित असलेला कृष्णवर्णीय माणूस तो आर्चीपुढे हुबेहूब वठवतो आणि आर्चीला त्यातला उपहास कळतच नाही. वेन बूथ यांनी 'अ ऱ्हेटरिक ऑफ आयरनी' (तेही १९७४ चेच) या ग्रंथात उपरोधाचे जे वर्णन केले, लेखक आणि वाचक उंच जागी एकत्र येतात व खाली कोणीतरी राहून जाते, त्याचे लायनेल हे दृश्यरूप. पण लायनेलला ती उंची हौसेने मिळालेली नाही, अपमान पचवण्याच्या सवयीतून मिळाली आहे. घरी बसून आर्चीवर लोभ करणाऱ्या प्रेक्षकाला ही किंमत द्यावी लागत नाही. हॉब्सनबाईंना जे म्हणायचे होते ते बहुधा हेच.

सासरा आणि जावई यांच्या या भांडणात ईडिथ मात्र नकोशांच्या यादीत जवळजवळ कधीच येत नाही. जीन स्टेपल्टन यांचा तो कर्कश स्वर, स्वयंपाकघरातून दाराकडे धावणे, कुठून कुठे जाणाऱ्या तिच्या गोष्टी, हे सारे आरंभी हशासाठी होते. आर्ची तिला भर वाक्यात गप्प करी आणि फितीवर हसू उमटे. ते हसू आज ऐकताना चाहत्यांपैकी कित्येकांना अवघडल्यासारखे होते. १९७७ मध्ये तिच्या पन्नासाव्या वाढदिवशी घरात शिरलेल्या माणसाच्या तोंडावर ती जळता केक दाबते तेव्हा स्टुडिओतून जो कल्लोळ उठतो, त्यात हशापेक्षा वेगळे काही आहे. श्रोता नावडतीच्या बाजूला असतो, हे कहाणीचे तत्त्व ईडिथच्या बाबतीत पूर्ण खरे ठरते. फरक एवढाच की तिची नावड घरातल्या एकाच माणसाच्या शब्दांत होती, आणि तोच प्रेक्षकांचा लाडका होता.

१९७८ मध्ये माइक आणि ग्लोरिया कॅलिफोर्नियाला जातात. १९८० मध्ये 'आर्ची बंकर्स प्लेस' या उत्तरमालिकेत ईडिथ मरण पावलेली असते. आर्चीला खोलीत तिची एकच सपाता सापडते. ती हातात धरून तो तिच्यावरच रागावतो, कारण तिच्यावरचे आपले प्रेम बोलून दाखवण्याआधीच ती निघून गेली. आर्चीला पहिला क्रमांक देणारे चाहते पुष्कळदा याच प्रसंगाचा दाखला देतात. प्रसंगाचा विषय मात्र ईडिथला हयातीत जे मिळाले नाही, तो आहे.