आकाशावरचा आरोप मी मागे घेते

‘परग्रहावर कुणी आहे का हो?’ असं विचारणाऱ्यांसाठी माझ्याकडे बरीच वर्षं एक तयार उत्तर होतं : होते, पण भाजून निघाले. भाषणात हे वाक्य हमखास चालायचं. आधी हशा पिकायचा, मग सभागृह गप्प व्हायचं आणि मी गॅमा किरणांच्या स्फोटांकडे वळायचे. हल्ली ते वाक्य मी म्हणत नाही.

प्रश्न जुनाच. 1950 च्या उन्हाळ्यात लॉस अलामोसला जेवताजेवता एन्रिको फर्मी म्हणाले, मग सगळे आहेत कुठे? आकाशगंगेत दहा हजार कोटींहून जास्त तारे, त्यातले कितीतरी सूर्यापेक्षा वयाने थोरले. कुणीतरी आपल्या फार आधी शहाणं व्हायला हवं होतं आणि एव्हाना त्याची काहीतरी खूण दिसायला हवी होती. 1999 मध्ये जेम्स ॲनिस यांनी (तेही फर्मींच्याच नावाच्या प्रयोगशाळेतले) एक उत्तर सुचवलं. महाकाय तारा कोसळताना किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळताना गॅमा किरणांचा झोत सुटतो आणि वाटेतल्या ग्रहांवरची प्रगत जीवसृष्टी पुसून टाकतो. पूर्वी असे स्फोट वरचेवर होत, त्यामुळे कुणाचीच गाडी फार पुढे जाईना. आता ते विरळ झालेत, म्हणून आत्ता कुठे ठिकठिकाणी बुद्धी उगवत असेल. थोडक्यात, आपण पहिल्या तुकडीतले.

हे मला इतकं आवडलं, त्यामागे निव्वळ शास्त्र नव्हतं. हे स्फोट सापडले ते अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांना. कुणी चोरून अणुचाचणी करतंय का, यावर पाळत ठेवायला ते सोडले होते. जुलै 1967 मध्ये त्यांनी गॅमा किरणांची जी लाट टिपली, ती बॉम्बची नव्हती आणि पृथ्वीवरचीही नव्हती. जगाला हे कळलं 1973 मध्ये. माणसाचा गुन्हा धुंडाळायला गेलेल्या यंत्रांच्या हाती आकाशाचा गुन्हा लागला! मला नेमकं तेच हवं होतं. पुढारलेले समाज स्वतःच स्वतःचा घात करून घेतात, हे फर्मींच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा. त्यापेक्षा तारा मारतो हे बरं. त्यात कुणाला बोल लावायला नको.

पुरावाही होता. 44.5 कोटी वर्षांपूर्वी, ऑर्डोव्हिशियन काळाच्या अखेरीस, समुद्रातल्या बहुसंख्य जाती नष्ट झाल्या. तो गॅमा झोताचा प्रताप असू शकेल, असं 2004 मध्ये कॅन्सस विद्यापीठातल्या एड्रियन मेलॉट यांच्या गटाने मांडलं. झोत वरच्या हवेतला नायट्रोजन फोडतो, त्याची ऑक्साइडं तयार होतात, ती ओझोन खातात आणि पुढे काही वर्षं सूर्याचे अतिनील किरण थेट खाली येतात. ट्रायलोबाइट या समुद्री प्राण्यांच्या ज्या जातींची पिल्लं वरच्या पाण्यात तरंगत, त्यांनाच फटका जास्त बसला होता. हे मी छातीठोकपणे सांगायचे. त्याच सुमारास दक्षिणेकडच्या खंडावर बर्फ पसरलं होतं, समुद्र ओसरला होता आणि त्याच्या खुणा खडकांत धडधडीत दिसतात, हे मात्र ओझरतं सांगून पुढे सरकायचे.

माझा विश्वास डळमळला तो मेक्सिकोतल्या चिक्शुलुबच्या विवरामुळे. 6.6 कोटी वर्षांपूर्वी तिथे सुमारे दहा किलोमीटर रुंदीचा लघुग्रह आदळला आणि डायनासोरांचं राज्य बुडालं, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. 2016 मध्ये समुद्राच्या तळाला भोक पाडून या विवरातले खडकाचे नमुने वर काढले गेले. त्यांत धडकेनंतर गढूळ पाण्यातून बसलेल्या गाळाचा जेमतेम पाऊण मीटर जाडीचा तपकिरी थर आहे. त्याच्या वरच्या भागात सूक्ष्म जीवाश्म आहेत आणि तळाशी वळवळणाऱ्या कुणा जिवांनी केलेली बारीक बिळंही आहेत. म्हणजे काही वर्षांतच तिथे जीव परतले होते, नेमका घाव बसला त्याच जागी! तीस हजार वर्षांत तर तिथला समुद्र पुन्हा भरभरून नांदत होता.

लांब कशाला जायचं? आपलं लोणारचं सरोवरही आकाशातूनच पडलेल्या दगडाने खणलेलं. 2020 च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. रंग होता मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. भांड्यात काही काळ ठेवल्यावर ते तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे या विवरातही जीव नांदतातच.

2017 मध्ये स्लोन, आल्विस बातिस्ता आणि लोब या संशोधकांनी तर हिशेबच मांडला. टार्डिग्रेड हा सूक्ष्म आठपायी प्राणी संपवायचा तर समुद्र उकळावे लागतील. त्यासाठी सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा महास्फोट, 0.14 प्रकाशवर्षाच्या आत व्हायला हवा, गॅमा स्फोट 40 प्रकाशवर्षांच्या आत. सुपरनोव्हाचं म्हणाल, तर सूर्याला सर्वांत जवळचा ताराच सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे.

टार्डिग्रेड काही रेडिओ बांधत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. मीही तो घेऊन बराच काळ भांडले. पण डायनासोर गेल्यावर उंदराएवढ्या सस्तन प्राण्यांपासून रेडिओपर्यंत पोचायला साडेसहा कोटी वर्षं पुरली. आकाशगंगेचं वय हजार कोटींच्या पुढे. शिवाय स्फोट सहसा टिकतो काही सेकंद, फार तर काही मिनिटं. ग्रहाची एकच बाजू थेट माऱ्यात सापडते. ओझोनचं नुकसान सगळीकडे पोचतं खरं, पण खोल पाण्याला त्याची झळ लागत नाही. झोताचा धोका काही हजार प्रकाशवर्षांचा आणि आकाशगंगेचा विस्तार लाखभर. या सिद्धांताला अपवाद परवडतच नाही. एक जण निसटला तरी तो कोसळतो.

मग ही शांतता कशाने? एक तर आपण अजून नीट ऐकलेलंच नाही. जेसन राइट आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये काढलेल्या हिशेबाने, सारे महासागर धुंडाळायचे असतील तर तोवर जेमतेम एखाद्या छोट्या पोहण्याच्या तलावाएवढं पाणी तपासून झालं होतं. दुसरं, पृथ्वीवर जीव आले ते निदान 350 कोटी वर्षांपूर्वी आणि प्राणी आले गेल्या साठेक कोटी वर्षांत. ही दिरंगाई कुणा ताऱ्याने घडवलेली दिसत नाही. मला वाटतं, अडचण मरण्यात कमी आणि घडण्यात जास्त आहे. पोटातला तो जुना गोळा मात्र परत आलाय, हेही सांगून टाकते. त्यावर माझ्याकडे उतारा नाही.

गुरूच्या युरोपा या चंद्रावर किलोमीटरच्या किलोमीटर जाड बर्फाखाली समुद्र असल्याचे भक्कम पुरावे आहेत. तिथे गॅमा झोताची डाळ शिजणार नाही. त्या पाण्यात स्वतंत्रपणे उगवलेले जीव निघाले, तर माझं जुनं उत्तर कायमचं निकालात निघेल. ते पाणी ओसाड निघालं, तरी त्या उत्तराला जीवदान नाही. सुरुवातच अवघड असते, एवढंच कळेल. युरोपा क्लिपर यान 14 ऑक्टोबर 2024 ला निघालंय. जीव शोधायला नव्हे, तिथे जीव राहू शकेल का एवढंच पाहायला. एप्रिल 2030 मध्ये ते गुरूपाशी पोचेल.