दडवलेले आणि गवसलेले

ओरछाच्या वीरसिंहदेवाने 1613 मध्ये ज्या बंगरा टेकडीवर झाशीचा किल्ला उभारला, तिचा कणाच खडकाचा. तटावरून दिसणारा उघडाबोडका मुलूख देखणा खरा. परंतु 1858 च्या मार्चमध्ये ह्यू रोजच्या तोफा धडाडू लागल्या, तेव्हा शहरातल्या माणसाला देखावा नव्हे, दडायला जागा हवी होती.

3 मे 2000 रोजी डेव्ह उल्मर याने अमेरिकेतील ऑरेगनच्या रानात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जगाला कळवले. त्यातून ‘जिओकॅशिंग’ हा खेळ जन्मला. शोधणाऱ्याने वहीत नाव लिहावे, एक वस्तू घ्यावी, एक ठेवावी. लपवणाराच ठिकाण सांगतो, हीच त्यातली गंमत!

वेढ्यात सापडलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांना दडणे हा खेळ नव्हता. गाठीचे द्रव्य लुटीत गेले. गंगेची कावड मात्र पुढे त्यांनी आईवडिलांसाठी घरी पोचवली. आणि वही? ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी छापला, तोही काटछाट करून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांच्या संपादनातून वाचकांच्या हाती पडली, ती 1966 मध्ये.