मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहू नका

“डॉक्टर, मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, मग घाई कशाला?” हे वाक्य माझ्या दवाखान्यात मी असंख्य वेळा ऐकले आहे. कदाचित आपल्या घरीही ते ऐकू येत असेल. माझ्या आईनेही तेच म्हटले होते. “भातकापणी आटोपू दे, मग बघू,” असे ती म्हणाली आणि मी, डॉक्टर असूनही, मान डोलावली. अशा तीन कापण्या उलटल्या. आईने तांदूळ निवडणे सोडले, तेव्हा कोठे मी तिला नेत्रतज्ज्ञांकडे नेले. तोवर डोळ्यातील भिंग तपकिरी आणि कठीण झाले होते.

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. परंतु दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आई म्हणाली, “सगळं अजून धुक्यातच आहे रे.” तिच्या कॉर्नियाला सूज आली होती.

हे असे का होते, ते समजून घेऊ या. पूर्वी मोठा छेद घेऊन संपूर्ण भिंग काढत आणि रुग्णाला पुढे जाड काचांचा चष्मा लागे. त्यामुळे नजर अगदी मंदावेपर्यंत थांबण्यास त्या काळी अर्थ होता. १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स केलमन यांनी नवी वाट दाखवली. दंतवैद्याकडे दात स्वच्छ करणारे अल्ट्रासाऊंडचे उपकरण पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. आजच्या ‘फेको’ यंत्राची पोकळ सुई सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा कंप पावते, भिंगाचा चुरा करते आणि तो शोषून घेते. त्यासाठी दोन ते तीन मिलिमीटरचा छेद पुरतो.

मात्र या कंपनांपासून काही मिलिमीटरच्याच अंतरावर कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा असतो. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या आतील बाजूस पेशींचा एकच थर असतो. या पेशी पडद्यातील पाणी अहोरात्र उपसत राहतात, म्हणून तो पारदर्शक राहतो. तारुण्यात त्या दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३००० असतात. वयोमानाने घटतात आणि नष्ट झालेल्या पेशींच्या जागी नव्या येत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून जागा भरून काढतात, इतकेच. ही संख्या ५०० च्या आसपास उतरली, तर उपसा अपुरा पडून पडदा धूसर होऊ शकतो. भिंग जितके कठीण, तितकी अल्ट्रासाऊंडची ऊर्जा अधिक लागते. आणि उष्णता, उसळणारा द्रव व भिंगाचे तुकडे यांचा मारा या थराला सोसावा लागतो.

शल्यविशारद हा मारा शक्य तितका कमी करतात. पेशींवर घट्ट जेलीचे संरक्षण देतात, भिंगाचे आधी हत्याराने तुकडे करतात, ऊर्जा सलग न देता थांबून थांबून देतात. काही यंत्रांत सुई पुढेमागे हलण्याऐवजी आडवी डोलते. भिंग फारच कठीण असेल, तर अल्ट्रासाऊंड न वापरता थोड्या मोठ्या छेदातून ते काढणे अनेकदा हिताचे ठरते. त्या पद्धतीला कमी प्रतीची समजू नका.

म्हणून आपणांस विनंती, की वाचन, स्वयंपाक किंवा रस्ता ओलांडणे अवघड होऊ लागताच तपासणी करून घ्या. मधुमेह असेल, पूर्वी डोळ्याला इजा किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, घरात कोणास कॉर्नियाचा विकार असेल अथवा नजर सकाळी अधिक धूसर असून दुपारपर्यंत निवळत असेल, तर ते आवर्जून सांगा. पेशींची मोजणी करणारी ‘स्पेक्युलर मायक्रोस्कोपी’ करावी का, हेही विचारा. शस्त्रक्रियेनंतर वेदना, लाली वाढली वा दृष्टी घटत गेली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आईची सूज औषधांनी तीन आठवड्यांत ओसरली. ती सुदैवी; काहींना नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाचे रोपण करावे लागते. तरी गमावलेल्या पेशी परत आल्या नाहीत. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी कापणीची वाट पाहिली नाही. त्या शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत आईने सूप पुढे ओढले, तांदळातला बारीक खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, “हा तुला दिसला होता का?”