तारेखालची जागा

तार एकच असते, पण ती सगळीकडे सारखी वाजत नाही. सतारियाचा हात घोडीकडे सरकला की आवाज टोकदार होतो, पडद्यांकडे सरकला की भरीव होतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये छेडण्याची जागा तर महत्त्वाची असतेच, पण ऐकण्याचीही जागा ठरवावी लागते. तारेखाली लोहचुंबक असतो, त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते आणि तीच अँप्लिफायरकडे जाते. हा पिकअप. तो जिथे बसवला असेल तिथलीच थरथर त्याला कळते. म्हणून गिटारच्या लाकडापेक्षा, रंगापेक्षा, त्यावरच्या नावापेक्षा पिकअप कुठला आणि कुठे, हा प्रश्न मला कायम मोठा वाटत आला आहे.

आमच्या घरात पहिली वीज आली ती काकांच्या हवाईयन गिटारमधून. मांडीवर आडवी गिटार, डाव्या हातात पोलादी कांडी, आणि रेकॉर्डवर व्हॅन शिपली वाजवायचे तशी सिनेमाची गाणी. त्या गिटारला पिकअप एकच होता, घोडीला लागून. काकांना निवडायला काही नव्हतंच, त्यामुळे सगळी निवड त्यांच्या उजव्या हातात आली होती. मुखडा मधोमध छेडायचे, अंतऱ्याला हात घोडीशी न्यायचे. पुढे वाचलं तेव्हा कळलं की इलेक्ट्रिक गिटारचा जन्मही असाच मांडीवरचा. जॉर्ज बीचम यांनी 1931 साली अमेरिकेत घडवलेली आणि 1932 पासून विकली जाऊ लागलेली 'फ्राइंग पॅन' ही हवाईयन पद्धतीचीच गिटार होती, आणि तिच्याही नशिबी एकच पिकअप होता. नालेच्या आकाराचे दोन चुंबक तारांवरून कमानीसारखे गेलेले.

माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार मात्र तीन पिकअपची. 1954 च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीवरची, स्वस्तातली, तिन्ही पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे प्रत्येकात एकच वेटोळं. एक घोडीजवळ, एक मधे, एक दांडीच्या तोंडाशी. मूळ स्ट्रॅटोकास्टरचा स्विच तीन खटक्यांचा होता. एका वेळी एकच पिकअप वाजावा अशी योजना. पण वाजवणाऱ्यांनी तो दोन खटक्यांच्या मधे अडकवून ठेवायला सुरुवात केली, कारण शेजारचे दोन पिकअप एकत्र वाजले की एक पोकळसर, किंचित अनुनासिक, विलक्षण गोड आवाज येई. तो स्विच तिथे फार वेळ टिकत नसे. अखेर 1977 साली कंपनीने पाच खटक्यांचा स्विच द्यायला सुरुवात केली. वाजवणाऱ्यांच्या हट्टापुढे कारखान्याने मान तुकवली, ही गोष्ट मला मनापासून आवडते.

या तिघांपैकी दांडीजवळच्या पिकअपवर माझा जीव जडला. स्ट्रॅटोकास्टरच्या मापात तो तारेच्या बरोबर एकचतुर्थांशावर येतो, घोडीपासून साधारण 16 सेंटिमीटरवर. तिथे तार मोकळी झुलते. घोडीजवळचा पिकअप जेमतेम 4 सेंटिमीटरवर, तिथे ती ताठ असते, मूळ स्वर कमी आणि वरचे उपस्वर जास्त. ऑर्केस्ट्रात 'दम मारो दम' निघालं की मी स्विच घोडीकडे टाकायचो. भूपिंदर सिंग यांची ती गिटार 1971 सालची, पण ढोलकी-ढोलक-ऑक्टोपॅडच्या गर्दीतून ते तुकडे आजही आरपार गेले पाहिजेत. मग पुढच्या गाण्यात कडव्यामागचे सूर भरायचे असले की पुन्हा दांडीकडे.

सिंगल कॉइलचं दुखणं मात्र गणपतीत कळायचं. वेटोळं ते वेटोळंच, तारेची थरथर आणि भिंतीतल्या विजेची थरथर यांत ते फरक करत नाही. आपल्याकडच्या 50 सायकलच्या विजेची घूं त्यात कायम असते. त्यात मांडवातली रोषणाई डिमरवर, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि स्पीकरमधून अखंड चरचर. तेव्हा एक युक्ती सगळेच करायचे. गिटारसकट हळूहळू गोल फिरायचं. वेटोळ्याचं तोंड एका विशिष्ट दिशेला आलं की घूं एकदम खाली बसते. ती दिशा सापडली की कार्यक्रमभर तसंच उभं राहायचं. कित्येक मंडळांच्या प्रेक्षकांनी माझा फक्त डावा खांदा पाहिला असेल.

एकदा मधला पिकअप मुका झाला. टोकाची तार तुटली होती, केसाइतकी बारीक, सोल्डर धरायला जागाच नाही. माझ्या एका मित्राचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. पंख्यांच्या मोटारींना एवढी बारीक तार लागत नाही, ती बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणली. जुनी तार कापून काढली. खालून सिरॅमिकचा पट्टीचुंबक चिकटवलेला होता, तो केस सुकवायच्या यंत्राने गरम करून सोडवला. मग मित्राने बॉबिन वाइंडिंग मशीनवर चढवली आणि मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. वेढे उलट्या दिशेने घाल, आणि चुंबक परत लावताना पालथा लाव. त्याने काउंटर शून्यावर आणला. दोन बोटांमधून तार सोडत, श्वासही जपून घेत, त्याने जवळजवळ 8,000 फेरे चढवले. मधे एकदाही तार तुटू दिली नाही. एवढं नाजूक काम मी क्वचितच इतक्या जवळून पाहिलं आहे.

उलट का, तर चुंबकही उलटा आणि वेढेही उलटे असले की तारेचा आवाज दोनदा उलटून सुलटा होतो, पण बाहेरच्या घूंला चुंबकाशी देणंघेणं नसल्याने ती एकदाच उलटते. असा पिकअप शेजारच्याबरोबर वाजवला की दोघांचे सूर मिळतात आणि दोघांची घूं एकमेकींना खाऊन टाकते. त्या रात्री दुकानाच्या ट्यूबलाइटखाली मी स्विच दुसऱ्या खटक्यावर टाकला आणि अँप्लिफायर गप्प झाला. मी तार छेडली. मित्र म्हणाला, "अरे, ही तर ट्रान्सफॉर्मरचीच विद्या झाली!"

हीच विद्या सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीत एका डबीत बसवली होती. दोन उलटसुलट वेटोळी शेजारी शेजारी, कायमची जोडलेली. 1955 साली पेटंटसाठी अर्ज, 1957 पासून लेस पॉल गिटारांवर पिकअप, आणि पेटंट हातात 1959 साली. हाच हंबकर. घूं गेली, आवाज जाड झाला. पण काहीतरी जातंही. दोन वेटोळी तारेच्या दोन जागा ऐकतात, आणि काही बारीक उपस्वर त्या दोन जागी परस्परविरुद्ध असतात; तेही घूंबरोबर पुसले जातात. नखी तारेवर पडण्याचा तो पहिला 'टक्' बोथट होतो. घोडीजवळ हे मला चालतं, किंबहुना हवंच असतं, कारण तिथे मुळातच धार जास्त. दांडीजवळ मात्र मला ते कधीच मानवलं नाही. मंद्रातल्या तीन तारांवर छेडलेला साधा कॉर्डसुद्धा तिथे एकमेकांत मिसळून जातो, आणि मला प्रत्येक तार वेगळी ऐकायची असते.

म्हणून पुढे मी घोडीला हंबकर आणि बाकी दोन सिंगल, या रचनेवर स्थिरावलो. एडी व्हॅन हेलन यांनी गिब्सनच्या गिटारमधला हंबकर स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाच्या गिटारला घोडीपाशी बसवला, आणि त्या आवाजाने 1978 नंतरची रॉक गिटार बदलून गेली. माझं कारण साधं होतं. ऑर्केस्ट्रात एका रात्रीत सगळ्या तऱ्हा वाजवाव्या लागतात. या रचनेलाही तडजोड लागतेच. सिंगल कॉइलला 250 किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट शोभतो, हंबकरला 500 चा. मी 500 चा घातला आणि दांडीकडे आलो की टोनची खुंटी थोडी उतरवून ठेवतो. ती करंगळीला आता आपोआप सापडते.

भाचीने गिटार घ्यायची ठरवली तेव्हा हे सगळं मी तिला उत्साहाने ऐकवलं. ती मेटल वाजवते, तारा दोन स्वर खाली उतरवून. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, मी गेन केवढा ठेवते माहितेय ना? तुझी घूं माझ्याकडे डोंगराएवढी होईल. मला दोन्हीकडे हंबकरच हवेत." तिचं बरोबर होतं. डिस्टॉर्शन सुरापेक्षा आधी घूंला उचलून धरतं, आणि तिच्या संगीतात दोन घावांमधली शांतता घावाइतकीच तालाची असते. मी एकच अट घातली. नॉब वर ओढला की हंबकरचं एक वेटोळं बंद करता येईल अशी सोय त्या गिटारमध्ये हवी. तशी मिळाली.

गिटार घरी आली तेव्हा दांडीकडचा पिकअप गढूळ वाजत होता. तो तारांच्या फार जवळ बसवला होता. मंद्राकडचा स्क्रू मी तिला अर्धा आटा फिरवायला सांगितला, मग अजून अर्धा. पिकअप तिरका खाली गेला. तिने खालच्या तीन तारा एकेक करून छेडल्या, मग एकत्र. "थांब," ती म्हणाली, आणि स्क्रूड्रायव्हर परत माझ्या हातात न देता स्वतःच आणखी पाव आटा फिरवला.