उद्यमनगरातले उस्ताद

मिरजेहून कोल्हापूरला जाणारी सकाळची गाडी आम्हाला नवी नाही. लग्नकार्याला, दवाखान्याला, बाजाराला कितीतरी वेळा आम्ही उभयता या गाडीने गेलो आहोत. या वेळी मात्र सोबत आमचा भाचा होता. वय सोळा, दहावी पास. "मामू, मला लेथवर काम शिकायचंय," एवढाच त्याचा हट्ट. तो कुठे शिकेल हे पाहण्यासाठी आम्ही निघालो होतो.

त्याच्या अम्मीच्या मनात धास्ती होती आणि ती खोटी नव्हती. गेल्या वर्षी गल्लीतला असाच एक मुलगा एका शेडमध्ये कामाला लागला. दुसऱ्याच दिवशी त्याला पॉवर प्रेसवर बसवले. पंधरा दिवसांत उजव्या हाताची दोन बोटे गेली. मालकाने दवाखान्याचे बिल भरले आणि विषय मिटवला. म्हणून निघताना बहिणीने आम्हाला बजावले, "पगाराचं नंतर विचारा. आधी शेड डोळ्यांनी बघून या."

कोल्हापुरात उतरून आम्ही प्रथम दसरा चौकात गेलो. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली मुस्लिम मुलांच्या शिक्षणाची सोय सुरू केली, ते मुस्लिम बोर्डिंग इथेच आहे. तिथे ओळखीच्या एका गृहस्थांना सलाम केला. त्यांनी एका जुन्या टर्नरचा पत्ता दिला आणि आम्ही रिक्षाने शिवाजी उद्यमनगरात पोहोचलो.

शेतकऱ्यांच्या विहिरीवर धडधडणारी ऑइल इंजिने या भागाने घडवली. आजही गल्लोगल्ली छोट्या शेडमधून लेथचा आवाज येतो, गरम तेलाचा वास येतो. दारात लोखंडाचे तुकडे आणि चहाचे रिकामे ग्लास.

चाचांनी साठी ओलांडलेली आहे. शेडमध्ये तीन लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि शिकणारी दोन मुले. ती लेथवर नव्हती. एक जण बाकावर कानस चालवत होता, दुसरा व्हर्नियरने माप घेत होता. "पहिले काही महिने हेच," चाचा म्हणाले. "लोखंड हाताला कळल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही."

मग त्यांनी भाच्याला बंद लेथजवळ नेले. जॉब पकडणाऱ्या चकची चावी हातात दिली. "ही चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झालं, तर ही गोळीसारखी सुटते. म्हणून चावी बाहेर काढल्याशिवाय तिच्यावरचा हात सोडायचा नाही. माझ्याकडे जो सोडतो, त्याच्या हातात दिवसभर कानस." कापलेल्या लोखंडाची लांब गुंडाळी हाताने ओढायची नाही, मशीन थांबवून आकड्याने काढायची. फिरत्या जॉबचे माप घ्यायचे नाही. चष्मा नेहमी डोळ्यांवर.

"आणि हातमोजे?" भाच्याने विचारले.

"फिरत्या जॉबजवळ अजिबात नाही. मोज्याचा एक धागा अडकला तरी मशीन सगळा हात ओढून घेतं." चाचांची नजर भाच्याच्या गळ्याकडे गेली. आजीने बांधलेल्या काळ्या दोऱ्यात तावीज होता. "बेटा, हे खिशात ठेव. आजीची दुआ दोऱ्यात अडकलेली नसते." भाच्याने मुकाट्याने तो काढला.

रमजानची गोष्ट निघाली. रोजा असलेल्या मुलाला ते दुपारनंतर मशीनवर उभे करत नाहीत. सहरीला उठलेले पोर, झोप अपुरी, तोंडाला कोरड. अशा वेळी डुलकी लागली तर? मग दुपारी मोजमाप आणि साफसफाई.

बोलता बोलता त्यांनी डावा हात पुढे केला. तर्जनीचे टोक नव्हते. "सतराव्या वर्षी गेलं. शंका होती, पण उस्ताद शिवी देईल म्हणून विचारलं नाही. आता विचारणाऱ्या पोराला मी रागवत नाही. न विचारणाऱ्याची मात्र मला भीती वाटते."

चाचा जे अनुभवातून सांगत होते, ते 1948 च्या कारखाने कायद्यातही होते. अठरा वर्षांखालील मुलाला धोक्याची पूर्ण माहिती दिल्याशिवाय, आणि पुरेसे शिक्षण किंवा जाणत्या माणसाची देखरेख असल्याशिवाय, धोकादायक यंत्रावर लावायचे नाही. पण विजेवर चालणाऱ्या, दहाहून कमी कामगारांच्या शेडला तो कायदा सहसा लागू होत नसे. आणि आपली बहुतेक मुले अशाच शेडमध्ये शिकतात. बालकामगार कायदा मात्र छोट्या-मोठ्या सगळ्यांना आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोकादायक ठरवलेल्या कामांवर लावता येत नाही.

आम्हाला वाटले, चाचा भाच्याला लगेच ठेवून घेतील. पण ते म्हणाले, "आधी आयटीआयला घाला. टर्नरचा कोर्स दोन वर्षांचा आहे, दहावीवर मिळतो. माझ्याकडे हात तयार होईल, पण कागद मिळणार नाही. सुट्टीत येऊन बसू दे, मी शिकवीन."

भाच्याचा चेहरा उतरला. त्याला पहिला पगार अम्मीच्या हातावर ठेवायचा होता. परतीच्या गाडीत जयसिंगपूरपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "मामू, फॉर्म कधी भरायचा?" त्याने तावीज खिशातून काढून पुन्हा गळ्यात घातला.

घरी बहिणीने सगळे ऐकून घेतले. चाचांच्या बोटाची हकीकत तिने दोनदा विचारली. पगाराचा विषय तिने काढलाच नाही.

आपल्या घरातला मुलगा कारखान्यात जाणार असेल, तर मालकाच्या शब्दावर थांबू नका. एकदा स्वतः जा. मशीनजवळ त्याच्या शेजारी कोण उभे राहणार आहे, ते विचारा. शिकाऊ उमेदवारीचा रीतसर करार होतो तेव्हा अठरा वर्षांखालील मुलासाठी सही पालकच करतात. त्या सहीआधी शेडच्या दारात तासभर उभे राहून पाहिले तर काय बिघडते? आमची तर एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे गेले. तेवढे फार नाही.