सारांश

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेंत एक उतारा देऊन त्याचा तृतीयांश सारांश लिहावयास सांगण्याची पद्धत आहे. गेलीं पंचवीस वर्षें मी विद्यार्थ्यांना ही कला शिकवीत आलों आहें. विशेषणें गाळा, दृष्टान्त गाळा, लेखक मध्येंच आपल्या आजीची आठवण सांगूं लागला तर ती निर्दयपणें गाळा, असा माझा उपदेश असतो. या उपदेशाचा सूड कोणी उगवील अशी मला कल्पना नव्हती. तो उगवला मुलीनें दिलेल्या काडेपेटीएवढ्या एका यंत्रानें.

हें यंत्र गाणीं वाजवितें. त्याच्या पोटांत जागा आठ गिगाबाइटांची. सीडीवर ध्वनीचीं दर सेकंदाला ४४,१०० मापें नोंदलेलीं असतात, तींही डाव्या आणि उजव्या कानासाठीं वेगवेगळीं. हा सारा पसारा सेकंदाला सुमारें १,४११ किलोबिटांचा होतो. तो तसाच भरला तर या यंत्रांत जेमतेम साडेबारा तास गाणें मावेल. एमपी-थ्रीच्या पद्धतीनें १२८ किलोबिटांवर आणला तर सुमारें १३८ तास! म्हणजे तृतीयांश नव्हे, अकरावा हिस्सा. माझ्या हुशारांतल्या हुशार विद्यार्थ्यालाही हें साधलें नसतें.

साधतें तें कानाच्या भोळेपणावर. मोठ्या स्वराच्या शेजारचा बारीक स्वर कानाला ऐकूं येत नाहीं. मग तो ठेवावा कशाला? सेकंदाला १६,००० कंपनांच्या वरचे ध्वनि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला बहुधा पोंचतच नाहींत, त्यांनाही रजा. १९२ किंवा ३२० किलोबिट घेतले तर काटछाट कमी, पण जागा जास्त. मुलीनें मला पाठमोरें बसवून एकच ख्याल तिन्ही मापांनीं ऐकविला. मला कांहीं भेद कळला नाहीं. आणि हें कबूल करतांना, मित्रांत गाण्यांतला दर्दी म्हणून मिरविणाऱ्या माझी बरीच पंचाईत झाली. मग मनाची समजूत घातली : अब्दुल करीमखांसाहेबांना तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटेंच मिळत, आणि तेवढ्यांत ते राग उभा करीत, मी जागेची कुरकुर कां करावी? १२८ ठरलें.

मग आईची टेप आली. १९८६ सालीं घरच्या टेपरेकॉर्डरवर मीं ती भरून घेतली होती. आई पेटीवर पदें म्हणे, आणि भाता हलवितांना तिच्या हातांतलीं कांकणें लाकडावर किणकिणत. मीं चिडून तिला तीं काढून ठेवायला सांगितलें. "सवाष्णीनें कांकणें काढायचीं नसतात रे," एवढेंच म्हणून तिनें पुढचें पद धरलें. तें बोलणेंही टेपवर आहे.

१२८ वर कांकणें गेलीं. अगदीं नाहींशीं झालीं असें नव्हे. पण ठिणगीसारखा तो आवाज पाण्यांत पडल्यासारखा विझट झाला. एकाएकीं उठणारा तीक्ष्ण ध्वनि या पद्धतीला नीट धरतां येत नाहीं. तो मागेंपुढें सांडतो, आणि आघाताच्या आधींच त्याची कुजबुज ऐकूं येते. गंमत अशी कीं, टेपेची जी खरखर मला नको होती तिच्यावर यंत्र आपले बिट मुक्तहस्तानें उधळीत होतें. खरखरींत नियम नसतो, आणि ज्यांत नियम नाहीं त्याचा सारांश होत नाहीं.

"बाबा, खरखर पुसून टाकूं का?" मुलीनें विचारलें. पुसणारें साधन कांकणांनाही खरखरच समजेल या भीतीनें मीं नको म्हटलें.

कानांवरचा विश्वास उडाल्यामुळें बाकीचें संगीत मीं आतां १९२ वर ठेवलें आहे. आईची टेप मात्र फ्लॅक नांवाच्या पद्धतीनें भरली आहे; तींत ध्वनीची घडी घालतात, पण गाळीत कांहींच नाहींत. तेवढ्या जागेंत तीन-चार तासांची एखादी मैफल सहज मावली असती. सोळा वर्षांच्या माझा तो चिडका आवाज तेवढा कापून टाक, असें मीं मुलीला सुचवून पाहिलें. तिनें ऐकलें नाहीं.